झाड पाहून दोर

झाडावर बसून शिकार करण्याची अमेरिकेतली एक तऱ्हा हे या प्रकरणाचं निमित्त आहे. ती ज्या कामासाठी निघाली ते काम मात्र आपल्याकडे करता येत नाही. 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यानं शिकारीला आवर घातला आणि 1991 च्या दुरुस्तीनं परवाना काढून शिकार करण्याची उरलीसुरली वाटही बंद केली. रानडुकरांनी रात्रीत हरभरा उलथापालथा केला तरी वनखात्याच्या परवानगीवाचून शेतकऱ्याला त्यांच्यावर शस्त्र उचलता येत नाही. तेव्हा बंदुकीचा आणि तीरकामठ्याचा विषय इथंच संपला.

चढण्याचा विषय मात्र संपत नाही. परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यात ताडकळस हे मोठं गाव आहे. भोवती काळी जमीन, दक्षिणेला थोड्या अंतरावर गोदावरी, शिवारात सोयाबीन, तूर, कापूस, हरभरा आणि रब्बीची ज्वारी. जंगल म्हणावं असं जवळपास काही नाही. झाडं उभी आहेत ती बांधावर, नाल्याकाठी, गावठाणात आणि देवळापाशी. अशा मुलखात वर्षभर कुणी ना कुणी झाडावर असतोच. उन्हाळा लागताना चिंचा झोडपणारे, त्यामागून आंबे उतरवणारे, शेळ्यांसाठी लिंबाचा आणि बाभळीचा पाला तोडणारे, मोहोळ काढणारे, विजेच्या तारांवर आलेल्या फांद्या छाटणारे, आणि हल्ली अधूनमधून एखादा पक्ष्यांचे फोटो काढणारा. रात्रीच्या जागलीला माळा नसेल तर झाडाची बेचकी असते. यातल्या बहुतेकांची रीत एकच: हात, पाय आणि लहानपणापासूनची सवय. पडलेल्या माणसाबद्दल गाव ‘पाय निसटला’ एवढंच बोलतं. झाड कोणतं होतं, दोर होता का, उतरताना पडला की चढताना, हे कुणी विचारत नाही. अमेरिकेतल्या शिकाऱ्यांनी हे प्रश्न नेटानं विचारले, म्हणून त्यांच्याकडून घेण्यासारखं काही आहे.

त्यांची वस्तू म्हणजे सॅडल. कंबरेभोवती आणि बैठकीखालून जाणारा रुंद, झोळीसारखा पट्टा. खोडाभोवती डोक्याच्या थोडं वर एक दोर आवळून बांधायचा, त्याचं टोक पोटासमोरच्या कडीत अडकवायचं, पाय खोडाला बांधलेल्या लहानशा फळीवर टेकवायचे आणि खोडाकडे तोंड करून मागं रेलायचं. वजन दोरावर जातं, पाय फक्त तोल सांभाळतात. हरीण ज्या अंगानं येईल त्याच्या पलीकडे सरकून खोडाआड होता येतं. सगळं सामान पाठीवरच्या पिशवीत मावतं, त्यामुळे आज हे झाड तर उद्या ते. शिवाय बसलेला माणूस सतत बांधलेला असतो. डुलकी लागली तरी खाली येत नाही. या शेवटच्या गोष्टीसाठीच मला ही वस्तू मोलाची वाटते, बाकीचे फायदे शिकाऱ्याचे.

मचाणाचं याच्या उलट आहे. मचाण आधी बांधावं लागतं. बांबू, खाट, फांद्यांचा आडोसा, दोन-तीन माणसांची खटपट. बांधताना होणारा आवाज आणि मागं राहणारा माणसांचा वास जनावराच्या लक्षात राहतो. संस्थानी आणि इंग्रजी अमलातले साहेब मचाणावर बसत, कारण खाली हाका घालायला आणि वर खाट चढवायला माणसं फुकट मिळत. आता मचाण उरलं ते बुद्धपौर्णिमेपुरतं. ताडोबा, मेळघाट, पेंच इथं वैशाखातल्या चांदण्यात पाणवठ्यांजवळ लोकांना बसवून जनावरं पाहू देतात. तिथं वर जायला शिडी असते, म्हणून चढण्याचा प्रश्नच येत नाही. आपल्या मुलखातले खरे जाणकार शिकारी, फासेपारधी, झाडाच्या फंदात फारसे पडलेच नाहीत. त्यांचं कसब जमिनीवरचं, जनावराची वाट ओळखून फास लावण्याचं.

उंच बसायचं कशासाठी, तर जनावर सहसा वर पाहत नाही आणि माणसाचा वास काही प्रमाणात त्याच्या डोक्यावरून निघून जातो. रानडुकराची नजर कमजोर पण नाक तिखट. काळवीट आणि रोही यांची नजर पक्की. या सगळ्यांसाठी पंधरा-वीस फूट पुरतात. त्याहून वर गेलं की फायदा वाढत नाही, धोका वाढतो. वीस फुटांवरून सुटलेला माणूस एका सेकंदाहून थोड्या अधिक वेळात जमिनीला लागतो आणि त्या क्षणी त्याचा वेग ताशी 40 किलोमीटरच्या आसपास असतो. चालत्या मोटारसायकलवरून डोक्यावर पडण्यासारखाच हा मार.

आता मुख्य मुद्दा. चढण्याच्या साधनांची चर्चा करताना लोक साधनापासून सुरुवात करतात: कोणती शिडी हलकी, कोणता दोर भारी. सुरुवात झाडापासून व्हायला हवी, कारण निम्मी साधनं झाडच बाद करतं.

चिंच हे आपल्याकडचं सगळ्यात भरवशाचं झाड. लाकूड चिवट, फांदी मोडण्याआधी बराच वेळ वाकते आणि करकरते, म्हणजे सावध व्हायला वेळ देते. साल खरबरीत, पायाला धरते. पण जुन्या चिंचेच्या पोटात वाळक्या फांद्या असतात आणि दाट पाल्याच्या सावलीत त्या ओल्या फांद्यांसारख्याच दिसतात. कुऱ्हाडीच्या दांड्यानं ठोकून पाहावं. जिवंत फांदी दबका आवाज देते, वाळकी खणखणते. लिंबाचं लाकूडही चांगलं, मात्र म्हातारा लिंब आतून पोकळ निघू शकतो. खोडावर ढोली दिसली, बुंध्याशी लाकडाचा भुसा किंवा अळंबी दिसली, की त्या झाडाला नमस्कार करून पुढं जावं. जांभूळ दगाबाज. फांदी जाडजूड दिसते आणि न वाकता कडकन तुटते. त्यातून फळ पिकतं ते मृगाच्या पावसात, जेव्हा साल निसरडी झालेली असते. शेवगा तर माणसाच्या वजनासाठी नाहीच. बाभळीचं लाकूड लोखंडासारखं, पण काटे चढू देत नाहीत आणि दोराचंही नुकसान करतात. सागाचं खोड सरळ आणि बरंच उंचापर्यंत बिनफांदीचं, म्हणजे हातापायांनी चढणाऱ्याला अवघड आणि खोडाला बांधायच्या शिडीसाठी उत्तम. वड-पिंपळ बळकट असले तरी पारावरच्या पिंपळाला पट्टे आवळून कुणी वर बसला तर खाली भांडण उभं राहील, हेही झाड निवडताना धरावंच लागतं.

ताड आणि शिंदी यांची जात वेगळी, आणि त्यांच्यावर चढणाऱ्यांनी सॅडलची निम्मी कल्पना केव्हाच वापरात आणली आहे. ही झाडं तृणवर्गाच्या गोतातली. आंब्या-चिंचेच्या सालीखाली जो वाढीचा थर असतो तो यांच्यात नसतो. त्यामुळे खोडाला झालेली जखम भरून येत नाही, जन्मभर तशीच राहते. शिंदीवर हे नजरेला दिसतं. रस काढणारा शेंड्याखाली खोडालाच खाप घेतो, पुढच्या वर्षी समोरच्या बाजूनं. झाड वर वाढत जातं, खापा खाली राहतात, आणि खोड डावी-उजवीकडे नागमोडी होत जातं. त्या वळणांवरून झाड किती हंगाम पाझरलं हे सांगता येतं. कोकणात नारळाच्या खोडाला चढण्यासाठी खाचा पाडतात. त्यांत पाणी साचतं, कुज धरते, सोंड्या भुंग्याला दार मिळतं.

    

मराठवाड्याशेजारच्या तेलंगणात गौड समाजाचे लोक आजही ताडावर चढतात. कंबर आणि खोड यांना मिळून एक मोठा वेढा, त्याला ते मोकू म्हणतात. पायांत लहान वळं. माणूस मागं रेलतो तेव्हा त्याचं वजन मोकूला ताणतं, आणि त्याच ताणानं तळपाय खोडावर दाबले जातात. जितकं रेलावं तितके पाय घट्ट. घाबरून खोडाला मिठी मारली की दाब जातो आणि पाय घसरतात. नवशिक्याला हे समजायला वेळ लागतो, कारण शरीर नेमकं उलटं सांगत असतं. मग अंग किंचित पुढं घ्यायचं, वेढा ढिला पडताच झटक्यानं हातभर वर सरकवायचा, परत रेलायचं, पाय उचलायचे. सॅडलवाला खोडावर चढताना कंबरेला जो दोर वापरतो त्याची चाल हुबेहूब हीच. मोकूची उणीव अशी की पाय सुटले तर वेढा खोडावरून सरसरत खाली येतो. तो माणसाला थांबवत नाही. शिवाय वाटेत फांदी आली की खेळ संपला, वेढा तिच्यावरून नेता येत नाही. ताडाला फांदीच नसते म्हणून ही रीत तिथं शोभते. चिंचेवर तिचा उपयोग नाही.

केरळात कन्नूर जिल्ह्यातल्या चेम्बेरीच्या जोसेफ यांनी नारळावर चढण्याचं यंत्र केलं, तेही अशाच सरळ खोडासाठी. दोन लोखंडी चौकटी, प्रत्येकीला तारेचा वेढा. वजन पडलं की वेढा आवळतो, पाय उचलला की सुटतो. फांद्यांच्या झाडावर पहिल्या बेचक्याशी ते थांबतं.

अशा झाडासाठी मग चार वाटा उरतात. पहिली, पायांना लोखंडी अणकुचीदार खिळे बांधून खोडात रुतवत जाण्याची. भरभर होते, पण प्रत्येक पावलाला भोक पाडते. ज्या झाडाचं उत्पन्न खायचं त्या झाडावर हा प्रकार करू नये. तोडायच्या झाडाला चालेल. दुसरी, खोडात खिळ्यांच्या किंवा स्क्रूच्या पायऱ्या ठोकण्याची. तोच दोष, आणि काही वर्षांनी झाड तो लोखंडी तुकडा पोटात घेतं. पुढं करवतीचं पातं त्यावर आदळतं. तिसरी, दोन-तीन फुटी शिड्यांचे तुकडे पट्ट्यांनी खोडाला बांधत वर जाण्याची. अमेरिकेत ही खूप चालते. झाडाला इजा नाही, शिकायला सोपी, खोड फार जाड नसेल तर उत्तम. मात्र प्रत्येक तुकडा बांधताना एका हातानं काम करावं लागतं, म्हणून कंबरेचा दोर खोडाभोवती असायलाच हवा आणि वाटेतल्या फांदीपाशी तो बदलताना दुसरा दोर आधी अडकवूनच पहिला सोडायचा. पडण्याचे प्रसंग बसलेल्या अवस्थेत कमी येतात. चढताना, उतरताना आणि एका आधारावरून दुसऱ्यावर जाताना ते येतात.

चौथी वाट निव्वळ दोराची. बारीक दोरीला वजनाची पिशवी बांधून ती वरच्या बेचक्यातून पलीकडे टाकायची, तिच्यामागून जाड दोर ओढून घ्यायचा आणि दोरावर चढायचं. 1970 च्या दशकात डोनाल्ड पेरी यांनी कोस्टारिकाच्या जंगलात झाडांच्या शेंड्यांवरची जीवसृष्टी अभ्यासायला ही रीत वापरली. त्याआधी ती गुहांमध्ये उतरणाऱ्यांकडे होती. दोरावर पकड ठेवणारी गाठ ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांची, 1931 ची. मुख्य दोराहून बारीक दोरीचं कडं त्याच्याभोवती तीनदा गुंडाळायचं. ओझं नसताना गाठ सरकते, ओझं पडलं की चावते. नेम धरून पिशवी टाकणं नव्या माणसाला जड जातं. ज्यांनी ज्वारीच्या माळ्यावर उभं राहून गोफण चालवली आहे त्यांना मात्र फारसं शिकवावं लागणार नाही.

दोराबद्दल थोडं सविस्तर बोललं पाहिजे, कारण गावातली सगळ्यात मोठी गफलत तिथं होते. पूर्वी कासरा, दावं, मोटेचा नाडा, सोल हे अंबाडीच्या वाखाचे असत. ते खरखरीत असल्यानं गाठ धरून ठेवत, पण ओल लागली की आतून कुजत आणि वरून धडके दिसत. नंतर नायलॉन आलं. ताकद जास्त, पण अंगानं गुळगुळीत. अंबाडीच्या कासऱ्यावर जी गाठ हातात बसली आहे तीच नायलॉनवर मारली तर ओझ्याखाली हळूहळू सरकते. बाजारात बैल बांधायला मिळणारा रंगीत दोर उन्हानं दोन-तीन उन्हाळ्यांत कडक होतो, बोट फिरवलं की भुसा निघतो. तो माणसासाठी नाही. माणसाच्या वजनाचा दोर वेगळा असतो: आत लांब धाग्यांचा गाभा, वर विणीचं कवच. तो विकत घेताना किती किलोन्यूटनचा ते त्यावर लिहिलेलं असतं. तसं लिहिलेलं नसेल तर त्यानं बैलच बांधावा. आणि वरचा दोर कायम ताणलेला ठेवावा. हातभर ढिला दोर घेऊन कुणी घसरला तर न ताणणाऱ्या दोरावर बसणारा झटका त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. दोर टिकेल, पाठीचा कणा टिकेलच असं नाही.

आता समजा ताडकळसजवळच्या एखाद्या नाल्याकाठी पहाटे येणारे रोही पाहायचे आहेत. काठावर एक मध्यम लिंब, कवेत मावेल असं खोड, पहिलं बेचकं बारा-तेरा फुटांवर. पलीकडे विस्तीर्ण जुनी चिंच. चिंचेवर चढणं सोपं, पण तिचा बुंधा दोघांच्या कवेत येत नाही, म्हणजे खोडाला पट्टा पुरत नाही आणि आडही होता येत नाही. मी लिंब घेईन. एकदाच बसायचं असेल तर शिडीचे तुकडे. त्याच झाडावर महिनाभर येणं-जाणं असेल तर बेचक्यातून बारीक दोरी कायमची सोडून ठेवीन, दर वेळी तिच्यावरून जाड दोर ओढायचा. जाड दोर उन्हात ठेवायचा नाही. अंधारात चढायचं असलं तर आदल्या दिवशी उजेडात एकदा चढून उतरून पाहायचं. आणि झाडाचा मालक कोण ते विचारून परवानगी घ्यायची, नाहीतर अंधारात झाडावर लटकलेला माणूस पाहून गाव काय समजेल ते सांगायला नको.

शिकारीच्या लेखांमध्ये चढण्याबद्दल पानंच्या पानं असतात आणि उतरण्याबद्दल चार ओळी. आपल्याकडे हे प्रमाण उलटं हवं, त्याचं एक कारण आग्या मोहोळ. चिंच-वडाच्या उंच आडव्या फांदीखाली हे पोळं लोंबतं, एकेका पोळ्यात हजारो माशा, आणि एकीनं डंख केला की त्या वासावर बाकीच्या येतात. चढण्याआधी झाडाला पूर्ण फेरी घालून, डोळ्यांवर हात धरून, प्रत्येक जाड फांदीचं पोट पाहावं. तरी माशा उठल्याच, तर शिडीचे चार तुकडे एकेक सोडवत उतरणाऱ्याचे हाल कुत्रा खाणार नाही. दोरावर असलेला माणूस उतरण्याचं साधन आधीच लावून बसला असेल तर काही सेकंदांत खाली येतो. दुसरं कारण वळवाचा पाऊस. एप्रिल ते जून मराठवाड्यात विजा माणसं आणि जनावरं मारतात. आभाळ काळवंडताच झाड सोडायचं, गडगडाटाची वाट पाहायची नाही. तिसरं कारण कमी लोकांना माहीत आहे. पट्ट्यात निश्चल लटकत राहिलेल्या माणसाचं रक्त पायांत साचतं, भोवळ येते, आणि शुद्ध हरपलेला माणूस तसाच लटकत राहिला तर जीव जाऊ शकतो. म्हणून पाय हलवत राहावं, आणि एकट्यानं कधी जाऊ नये. खालच्या माणसाला दोर सोडून वरच्याला उतरवता आलं पाहिजे.

तेलंगणा सरकारनं जुलै 2024 मध्ये ताडी उतरवणाऱ्यांसाठी ‘काटमय्या रक्षा’ नावानं सुरक्षा संच द्यायला सुरुवात केली. त्यात दोर आणि कंबरपट्टा आहे, सोबत प्रशिक्षणही. मोकू तसाच ठेवून, पाय सुटल्यावर तो जिथं कमी पडतो तिथं दुसरा आधार द्यायचा, असा त्यामागचा विचार. शहाणपणाचा आहे. चाळीस वर्षं एका रीतीनं चढणाऱ्या माणसाला ती रीत सोडायला सांगितली तर तो संच माळवदावर टाकून देतो.

चिंचेच्या गुत्त्यावर, म्हणजे ठेक्यावर, मात्र सॅडल जशीच्या तशी चालणार नाही. शिकारी खोडाशी बसतो. चिंचा असतात फांदीच्या टोकाला. झोडपणाऱ्याला काठी किंवा आकडी घेऊन आडव्या फांदीवर बाहेर जावं लागतं आणि खोडाला बांधलेला दोर तिथं त्याला पडू देईल, वर झोका देऊन खोडावर आपटेल. झाडांची निगा राखणारे परदेशातले कारागीर यासाठी दोर डोक्यावर, झाडाच्या शक्य तितक्या उंच आणि मधल्या बेचक्यातून घेतात. दोर वरून ताणलेला असला की बरंच वजन तो पेलतो, फांदी कमी वाकते, आणि माणूस तिच्यावर चालत टोकाकडे जातो. दोर प्रुसिकनं सोडत जायचा, परतताना आवळत यायचा. सामान एवढंच: कंबरेचा पट्टा, एक चांगला दोर, बारीक दोरीची दोन कडी आणि वजनाची पिशवी. गुत्तेदार झाडाखाली उभा राहून यंदा किती पोती निघतील हे डोळ्यानं मोजतो, मजुरी धरतो, वाहतूक धरतो. दोर अजून त्याच्या हिशेबात आलेला नाही.